तुझ्या आवाजातलं बाळ

प्रिय कोरिन,

तुझा घसा बरा झाला असेल आणि चर्चच्या गाण्यात तुला पुन्हा पुढच्या रांगेत उभं केलं असेल, असं धरून चालते. इथे सगळे मजेत आहेत, असं लिहिलं आणि खोडलं. खोडलेलं तुला दिसेलच, दिसू दे.

दोन वर्षांपूर्वी राज्याच्या आरोग्य विम्यासाठी तू गरोदर बायकांना फोनवर ऐकवायचे चाळीस आठवड्यांचे निरोप रेकॉर्ड केले होतेस. आता तुझा नवरा सोडून सगळं राज्य तुझं ऐकणार, असं मी तुला चिडवलं होतं. मार्चमध्ये मला दिवस गेले, विम्यात नाव घातलं आणि दर गुरुवारी तू माझ्या फोनवर यायला लागलीस. "कशी आहेस गं? बाळ आता ब्लूबेरीएवढं झालंय." मला फार बरं वाटायचं. तीन महिने झाले की तुला सांगणार होते.

पण गरोदरपणामुळे माझ्या फिटच्या गोळ्या बदलल्या आणि फिट परत आल्या. शाळेच्या स्वयंपाकघरात उकळत्या तेलाशेजारी मी दोनदा कोसळले. बाराव्या आठवड्यात डॉक्टरांनी गर्भपाताच्या खर्चासाठी विम्याकडे कागद पाठवले. विम्याचं उत्तर आलं, जीव धोक्यात असेल तरच पैसे मिळतात आणि माझा अजून पुरेसा धोक्यात नाही. एल्डनने ट्रक विकला, आम्ही नदीपलीकडच्या राज्यात जाऊन ते करून आलो. तुला सांगितलं, सासूबाईंना बघायला गेलो होतो. तुझ्या अंगणात 'आमच्या करातून गर्भपात नको' अशी पाटी आहे. मला तुझी भीती वाटली.

पुढच्या गुरुवारी फोन वाजला. "बाळ आता लिंबाएवढं झालंय." विम्याने पैसे दिले नव्हते, म्हणून त्यांच्या दफ्तरी काही घडलंच नव्हतं. बाळ वाढत राहिलं. माझं पोट सपाट, आणि तुझ्या आवाजात त्याला नखं आली, पापण्या आल्या, उचकी लागायला लागली. तो नंबर ब्लॉक केला तर तू दुसऱ्या नंबरावरून आलीस. एकदा आमच्या टेसने फोन घेतला आणि मला म्हणाली, "आई, मावशी सांगतेय बाळाला आता आपलं बोलणं ऐकू येतं." तेव्हापासून ती जेवताना हळू बोलते. आणि सप्टेंबरात एका दुपारी, भांडी घासताना, माझ्या पोटात काहीतरी हललं. हसू नकोस. मी हात ठेवून पाहिलं, पुन्हा हललं.

फिटच्या जुन्या गोळ्याही मिळेनात, कारण त्या गरोदर बाईला देत नाहीत आणि दफ्तरी मी अजून गरोदरच होते. विम्याच्या कार्यालयात गेले. तिथल्या प्लंकेटबाईंच्या यादीत गरोदरपणाची नोंद बंद करायची दोनच कारणं होती: एक, बाळ जन्मलं; दोन, पोटातच गेलं. "गर्भपाताचे पैसेच देत नाही, मग त्याचा रकाना कशाला ठेवू?" त्या म्हणाल्या. मग हळूच, "पुढच्या फोनला दोन दाबून टाका. कोण बघायला येतंय?" मला राग आला. मी दोन दाबणार नाही, असं ठणकावून घरी आले. रविवारी टेसला आंघोळ घालताना मला फिट आली. मी शुद्धीवर आले तेव्हा एल्डन तिला टबाबाहेर काढत होता. ती खोकत होती.

काल मी दोन दाबलं. गोळ्या आज मिळाल्या, आता ते बाळ कुठेच नाही. पण दोन दाबल्यावर फोन लगेच बंद होत नाही, तुला आठवतं का? तू म्हणालीस, "यात तुझी काही चूक नाही गं, राणी." इतक्या मायेने तू माझ्याशी कधी बोलली नव्हतीस. मी ओटा धरून रडले. ते वाक्य मी तुझ्याकडून खोटं बोलून घेतलंय, म्हणून हे पत्र. आता तुला खरं माहीत आहे. तरी ते वाक्य म्हणावंसं वाटलं तर फोन कर आणि मला म्हण. नाही वाटलं, तर तेही सांग. फक्त या वेळी तू स्वतः बोल.

तुझीच,
नेल