शिष्य दार लावतो तेव्हा

रविवार, ५ फेब्रुवारी १९९५

वस्तादांबरोबर अंतराळाचा सिनेमा पाहिला. नागापूरच्या कारखान्यात मला लेथ त्यांनीच शिकवलं. आता मी सुपरवायझर. गेल्या महिन्यात त्यांना लेथवरून काढून स्टोअरला टाकलं, त्या कागदावर सही माझी. कागद शिपायाच्या हाती पाठवला होता.

सिनेमात यानात एकापुरतीच हवा उरते. बाहेर उभ्या गुरूला शिष्य म्हणतो, “सर, मी दार लावतोय.” आणि लावतो. वस्तादांच्या हातात खाऱ्या दाण्यांची पुडी तशीच होती.

सुटल्यावर सायकलचं कुलूप काढताना म्हणाले, “पोरगं बरं हुतं. तोंडावर सांगून तरी दार लावलं.” पुडी माझ्या हातात दिली.

मला काहीच कसं वाटलं नाही? लिहिता लिहिता तेच दाणे खातोय. खारट आहेत, एवढंच कळतंय.