विहिरीची जागा सोडून

घाटकोपर, श्रावणातला रविवार, १९५६

कारखान्याचं छप्पर गळलं आणि पाटांवर खडूनं लिहिलेली गिऱ्हाइकांची नावं धुऊन गेली. गणपतीसाठी लोक घरचा पाट आणून देतात, मूर्ती त्याच पाटावर घडते. दुसऱ्याचा पाट कोण घरात घेईल? उद्यापासून माती लावायची, आणि इतके पाट, एकासारखा एक. वाट लागली म्हटलं.

डोकं धरून बसलो होतो, तर कुसुम पदर खोचून आली. महिन्यापूर्वी तिनं सगळे पाट भिंतीशी ओळीनं लावले तेव्हा मी हसलो होतो. बायकोला आवराआवरीचा सोस, दुसरं काय. आज ती त्या ओळीच्या कडेनं गल्लीतून चालावं तशी चालत गेली. "हे जोशी. पलीकडे राणे. मग विहीर, म्हणून इथं जागा सोडलीय बघा. विहिरीनंतर सावंत."

घरं जशी आहेत तसे पाट. नाव पुसलं, शेजार कसा पुसणार? मला का नाही सुचलं हे? अख्खी आळी माझ्या भिंतीला टेकून उभी होती, विहिरीच्या मोकळ्या जागेसकट.

परब आणि गोरे यांच्यामधे एक नवा कोरा पाट होता. असलं गिऱ्हाईक मला आठवेना. आमच्या घरी काय, दरवर्षी विकून उरेल ती मूर्ती, मिळेल त्या फळीवर.

"हा कुणाचा गं?"

"अहो, परब आणि गोऱ्यांच्या मधे आपणच नाही का राहत?"