दोनदा म्हटलेलं ओके

प्रिय घाईबाई,

माझ्यापुरतं सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी, लिफ्टखालच्या खड्ड्यात उकिडवा बसलेलो असताना. वरून मिस्त्रींनी ‘ओके?’ म्हणून हाक दिली आणि मी काहीच बोललो नाही. एवढंच. कुणी पडलं नाही, काही तुटलं नाही. पण तेव्हापासून मला राग येईनासा झालाय. मला, आणि राग नाही. आईनं काल माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि ताप नाही म्हटल्यावर जास्तच घाबरली.

आता मी काय काम करतो हे तुला नीट सांगितलेलंच नाही. लिफ्टच्या दुरुस्तीवर असतो. मिस्त्री गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत, मेन स्विचपाशी. मी अगदी तळाशी, खड्ड्यात, डोक्यावर बंद लिफ्ट आणि अंगभर ग्रीस. एकमेकांना आम्ही दिसत नाही. म्हणून आमच्यात एक रीत आहे. काम संपलं की ते वरून ‘ओके?’ विचारतात, मी खालून ‘ओके’ म्हणतो. तरीही ते स्विच टाकत नाहीत. मी खड्ड्यातून बाहेर यायचं, दोन्ही पाय फरशीवर ठेवायचे, त्यांनी पुन्हा विचारायचं आणि मी पुन्हा ‘ओके’ म्हणायचं. मग वीज. शब्द एकच, पण पहिला खड्ड्यातून येतो आणि दुसरा बाहेरून, आणि मिस्त्रींना आवाजाच्या घुमण्यावरून तो कुठून आला ते बरोबर कळतं. वॉचमननं मधेच ‘झालं हो त्याचं’ म्हटलेलं चालत नाही. मी पहिल्या दिवशी या दोनदा विचारण्यावर वैतागलो, तर म्हणाले, लग्नाच्या वेळी मला एकदाच विचारलं होतं, म्हणून बघ माझी काय गत झालीय. त्यांची बायको, म्हणजे आमच्या मामी, डबा देताना हा विनोद रोज ऐकतात आणि डब्यात लोणचं घालायचं विसरतात.

कॉलेज सुटलं तेही याच शब्दावरून. ते ड्रॉइंग तुला आठवत असेल, पट्टी तूच धरून बसली होतीस. सरांनी त्याच्याखाली लाल पेननं ‘ओके’ लिहिलं आणि शेजारच्याच्या कागदाखाली चांगल्या दोन ओळी. माझं डोकं फिरलं. कागद तिथंच फाडला, पायऱ्या उतरलो ते पुन्हा चढलो नाही. मोठं काही ठरवायचं तर आधी एकमेकांना विचारायचं, असं आपलं ठरलं होतं. मी सगळं करून झाल्यावर संध्याकाळी तुला फोन केला. मला वाटलं तू रडशील, निदान शिव्या तरी घालशील. तू म्हणालीस, ‘ओके.’

तुझे बाबा शेजारी होते. टीव्हीवरच्या बातम्या फोनमधून मला ऐकू येत होत्या. खोलीत कुणी असलं की तुझी सगळी भाषा आटून त्या एका शब्दावर येते, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? झोपेतलं तुझं लांबलेलं ओके मी ओळखायचो, भांडण मिटवतानाचं ‘ओके बाबा’ ओळखायचो, बस आली म्हणून अर्धवट तोडलेलं तर रोजचंच होतं. पण त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर लाल पेन होतं. तुझा शब्द मी सरांच्या अक्षरात ऐकला आणि फोन आपटला. त्यानंतर तू काहीही विचारलंस की मी तोच एक शब्द धाडायचो. जेवलास का? ओके. बरा आहेस ना? ओके. तुला कसं लागतंय ते बघू, असं मनात होतं. मग तू विचारणं कमी केलंस आणि मी वाट बघणं वाढवलं. रोज तुझ्या बसच्या वेळेला मी फोन चार्जिंगवरून काढून खिशात ठेवायचो. कशाला, ते मलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी खड्ड्यात असताना तुझा मेसेज आला. प्रयोगशाळेतल्या त्या मुलाचं लग्नासाठी विचारणं आलंय, घरच्यांना तो पसंत आहे, तुलाही आवडतो. आपल्याबद्दल तू त्याला सगळं सांगितलंस आणि तोच म्हणाला, आधी त्याला विचार. (इतका समजूतदार माणूस मला अजिबात आवडत नाही, हे नोंदवून ठेव.) खाली एवढंच होतं: ‘तुला न विचारता मी हो म्हणणार नाही. ओके?’ तेवढ्यात वरून मिस्त्रींची हाक. दोन्हीकडून तोच प्रश्न, आणि मी गप्प. वाटलं, बोललोच नाही तर काहीच घडणार नाही. आणि खरंच काही घडेना. लिफ्ट हलेना. दोन पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बाई कुरकुरल्या, कंटाळून जिन्यानं गेल्या. बऱ्याच वेळानं मिस्त्री गुडघे धरत सगळे मजले उतरून आले आणि खड्ड्यात वाकले. त्यांना वाटलं मला चक्कर आली. माझ्या हातात फोन बघून ओरडतील म्हणून मीही तयार होतो. पण ते भिंतीला टेकले आणि दम खात म्हणाले, ‘तू बोलेपर्यंत मला तिथं नुसतं उभं राहावं लागतं रे. बसताही येत नाही.’

मला तुझं उभं राहणं दिसलं. तू, जिला बसची वाट बघताना दोन मिनिटं धीर निघायचा नाही. राग जो गेला तो तिथंच. त्याच्या जागी अजून काही आलेलं नाही. जेवतो, कामाला जातो, पाने-पक्कड पुसून ठेवतो.

उत्तर मेसेजवरही देता आलं असतं. पण नुसतं ‘ओके’ पाठवलं असतं तर भडकू त्यात किती भडकलाय, याचा वास घेत बसली असतीस. त्या शब्दाला स्वतःचं असं काही नसतं ना गं, भोवती काय आहे त्यावर त्याचं सगळं. म्हणून त्याच्याभोवती हे सगळं लिहिलं, म्हणजे तो कुठून आलाय ते तुला कळेल. त्याला हो म्हण. ओके. हे पहिलं, खड्ड्यातलं. आता उठलोय, कागद पाकिटात घालून पोस्टात टाकायचं तेवढं काम उरलंय. आमचं दार जरा उचलून ओढावं लागतं, नाहीतर लागत नाही. मी उंबऱ्याबाहेर आहे, दोन्ही पाय फरशीवर आहेत, शेवटची ओळ चौकटीला कागद टेकवून लिहितोय. ओके. दार ओढून घेतो.

तुझाच, म्हणजे तुझ्या ओळखीतलाच,
भडकू