स्वतःच्याच गावावर वाजवलेले बाक

रेजायना, बुधवार

प्रिय मार्टाताई,

मी खुशाल आहे, सर्दीही गेली. आईचा गुडघा कसा आहे?

टीव्हीवर पाहिलेस ते खरे आहे. इथे विधानसभेत आपल्या पक्षाचा मंत्री बोलून खाली बसला की आम्ही आमदार सवयीने बाके वाजवतो. काल मीही वाजवले, आणि मग ध्यानात आले की त्याने तू सांभाळतेस ते आपल्या गावाचेच प्रसूतिगृह बंद करत असल्याचे सांगितले होते. गावचा महापौर असताना तिथल्या सातही खाटा मी स्वतः निवडल्या होत्या.

शेजारच्या बाकावरचा वॉल्टर म्हणाला, "काय महापौर, गाव विकून आलात की काय?"

उद्या त्या निर्णयावर मतदान आहे, मी विरोधात मत देणार. पक्ष काढेल, काढू दे. पण शुक्रवारी तुझ्या परिचारिकांना तोंड दाखवायला येईन, तेव्हा तेवढी माझ्या शेजारी उभी राहा.

रागावली असलीस तरी तुझाच,
टारस