दगडावरील कोऱ्या जागेबाबत

दिनांक : १३ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. श्री. ब्रायन होलोवे,
प्रवेश व रहिवास निश्चिती अधिकारी,
टॅलमन काउंटी कम्युनिटी कॉलेज, कॅन्सस.

विषय : वेल्डिंगच्या वर्गात प्रवेशासाठी मला याच काउंटीची रहिवासी मानण्याबाबत (अर्ज चौथा).

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. २) आपले दि. ८ ऑगस्टचे पत्र, ज्यात मी मेल्यावर कुठे जाणार यावरून आज कुठे राहते हे ठरवण्यात आले आहे.

महोदय,

मी खाली सही करणारी नेल्डा उनरुह, वय त्रेसष्ट, कै. डेल्बर्ट उनरुह यांची पत्नी, आपणास सविनय व शेवटच्या खेपेस पुढीलप्रमाणे कळवते. शेवटच्या खेपेस अशासाठी, की वेल्डिंगच्या वर्गात बारा जागा आहेत, अकरा भरल्या आहेत आणि बारावी येत्या शुक्रवारपर्यंतच राखून ठेवली आहे. आपल्या नियमाप्रमाणे आधी काउंटीतले, मग उरले तर बाहेरचे. बाहेरच्यांच्या यादीत माझ्यापुढे तिघे आहेत. म्हणजे मी बाहेरची ठरले की घरी बसले.

१. मी नेब्रास्कातून लग्न होऊन या काउंटीत आले त्याला येत्या ऑक्टोबरात एक्केचाळीस वर्षे होतील. तेव्हापासून एकाच घरात आहे. घर टॅलमन काउंटीत आहे हे काउंटीला पक्के ठाऊक आहे, कारण कर घ्यायला ती एकदाही चुकलेली नाही. परंतु आमचे टपाल पलीकडच्या ऑर्लिक काउंटीतल्या पोस्टातून येते, म्हणून माझ्या गाडीच्या परवान्यावरच्या पत्त्यात तिथल्या गावाचे नाव आहे. एवढ्यावरून आपल्या संगणकाने मला बाहेरची ठरवले. संगणकाबद्दल माझी तक्रार नाही. तो कधी आमच्याकडे जेवायला आलेला नाही.

२. आपल्या खिडकीवर बसणाऱ्या ब्रेंडाबद्दल मात्र आहे. ब्रेंडा चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसते. तिच्या लग्नाला दीडशे माणसांचे दुमजली पाव, एकावर एक गोळा ठेवतात तसले, मी याच काउंटीतल्या माझ्या भट्टीत भाजले. पहिला अर्ज घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "नेल्डा, तू कुठं राहतेस ते मला माहितीये गं. पण मला माहीत असून काय उपयोग? पुरावा आण." मी म्हटले, तूच साक्ष दे. तर म्हणाली, "कॉलेजच्या माणसाची साक्ष चालत नाही. नाहीतर मी दिली नसती का?" नंतर तिने मला एक गोळी दिली, पेपरमिंटची. ती मी घेतली.

३. पुरावा म्हणून विजेचे बिल, पाण्याचे बिल, कराची पावती, ट्रकची नोंदणी आणि टेलिफोन यांपैकी काहीही चालेल असे सांगण्यात आले. हे सर्व माझ्याकडे आहे आणि सर्वच्या सर्व डेल्बर्टच्या नावावर आहे. आमच्यात तशीच पद्धत होती. कागद त्याचे, काम दोघांचे. तो दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारला. त्यानंतर बिल माझ्या नावावर करावे म्हणून मी वीज संस्थेला फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "खातेदारांना फोन द्या ना." मी म्हटले, ते वारले. ती म्हणाली, "अरेरे, फार वाईट झालं. मग त्यांना केव्हा फोन केलेला बरा पडेल?" तिसऱ्या फोनला मी आवाज जाड करून स्वतःच डेल्बर्ट झाले. माझे काम होत आले होते. पण शेवटी त्याने ओळखपत्र घेऊन समक्ष यावे असे सांगण्यात आले, तेव्हा आम्ही दोघांनी फोन ठेवला. (हे वाक्य नोंदीवर घेऊ नये.)

४. मतदार यादीत माझे नाव नाही. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती. सगळे मेनोनाइट मतदान टाळतात असे नाही, पण आमच्या सासऱ्यांचे मत होते की माणसाने एकाच राज्याचे नागरिक असावे आणि ते कॅन्सस नव्हे. घरात ते मत पाळले गेले. त्या दुसऱ्या, देवाच्या राज्याचा दाखला आपल्या कार्यालयात चालतो का, हे मी ब्रेंडाला विचारले. तिने यादी पाहिली. त्यात नव्हते.

५. मग दोन शेजाऱ्यांचे प्रतिज्ञापत्र आणा, शेजारी याच काउंटीतले हवेत, असे ठरले. माझ्या दक्षिणेला गहू आहे. पूर्वेला गाई आहेत. पश्चिमेला रस्त्यापलीकडे जेनेट व तिचा नवरा राहतात, भली माणसे, पण रस्ता हीच काउंटीची हद्द, त्यामुळे ती ऑर्लिकची. उरला उत्तरेचा एकच शेजारी, आणि तो म्हणजे माझा दीर व्हर्जिल.

६. व्हर्जिलविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण सगळे त्याच्यावर येऊन अडते. डेल्बर्टच्या शेडमध्ये वेल्डिंगचे मशीन आहे. ते दोघा भावांनी मिळून घेतले होते, पण चालवले डेल्बर्टने. पंचक्रोशीतले मोडके नांगर, कुंपणांची फाटके, गुरांच्या गाड्या त्या शेडमध्ये येत आणि धड होऊन जात. तो गेल्यावर व्हर्जिल मशीन न्यायला आला. मी म्हटले, मी शिकणार आहे. तो इतका हसला की त्याला ट्रकला टेकावे लागले. मग म्हणाला, "हे बघ नेल्डा, त्या वर्गाच्या यादीत तुझं नाव लागलं तर मशीन तुझं, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही लागलं तर सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी ट्रॉली घेऊन येतो." असा माणूस माझ्या बाजूने प्रतिज्ञापत्र देईल का, हे आपणच ठरवावे. मी विचारून पाहिले. म्हणाला, "मी शपथ घेत नाही, आपल्या धर्मात बसत नाही." एरवी धर्म त्याला फक्त जेवणाच्या वेळी आठवतो.

७. मी वेल्डिंग का शिकते, असा प्रश्न आपल्या अर्जात छापलेला आहे आणि उत्तरासाठी दीड ओळ सोडलेली आहे. त्यात मावले नाही म्हणून इथे लिहिते. अडतीस वर्षे डेल्बर्ट वेल्डिंग करायचा आणि मी लोखंडाचे दुसरे टोक धरून उभी राहायचे. काळ्या काचेचा मुखवटा घरात एकच होता. तो म्हणायचा, "डोळे मीट." मी मिटायचे. नंतर "हं, उघड," म्हणायचा, तेव्हा दोन तुकड्यांचा एक झालेला असायचा. मधे काय होते ते मी एकदाही पाहिले नाही. तो होता तोवर मला त्याचे काही वाटले नाही. आता फार वाटते. त्रेसष्टाव्या वर्षी मला एक मुखवटा हवा आहे आणि तो चढवून डोळे उघडे ठेवायचे आहेत. याउपर कारण नाही.

८. आता मुख्य मुद्दा. आपल्या नियम ४ मध्ये लिहिले आहे की अर्जदाराचा इथे "कायम राहण्याचा इरादा" दाखवणारा कोणताही लेखी पुरावा विचारात घेतला जाईल. हा नियम वाचून मला हायसे वाटले, कारण माझे आणि डेल्बर्टचे दोघांचे नाव असलेला असा एक लेख जगात आहे. तो आमच्या कबरीचा दगड. डेल्बर्ट गेला तेव्हा दगडवाला म्हणाला, दोघांची नावे आताच कोरून घ्या, पुन्हा खेप नको. इथे बहुतेकजण तसेच करतात. त्यामुळे डाव्या बाजूला डेल्बर्टचे नाव व जन्म-मृत्यूची दोन वर्षे, उजव्या बाजूला माझे नाव, १९६१, एक आडवी रेघ आणि पुढे कोरी जागा. दर रविवारी चर्चमधून निघताना मी माझे नाव वाचते. आधी कसेसेच व्हायचे. आता नुसते स्पेलिंग बरोबर आहे ना बघते. यापेक्षा कायमचा इरादा कोणी लेखी दिला असेल तर मला दाखवावा. फोटो काढून तिसऱ्या अर्जाला जोडला. ब्रेंडा फोटो पाहून म्हणाली, "याबद्दल वरती विचारावं लागेल." वरती म्हणजे आपण, हे मला नंतर कळले.

९. त्यावर आपले ८ तारखेचे पत्र आले. ते मी स्वयंपाकघरात उभ्याने वाचले, मग खुर्चीवर बसून वाचले. त्यात म्हटले आहे : "सादर केलेला दगड लगतच्या ऑर्लिक काउंटीत स्थित असल्याने अर्जदाराचा कायम राहण्याचा इरादा सदर काउंटीत असल्याचे स्पष्ट होते. सबब अर्जदार बाहेरील समजण्यात येत आहे." महोदय, आमचे चर्च त्याच हद्दीच्या रस्त्याच्या अलीकडे आहे आणि दफनभूमी रस्त्याच्या पलीकडे. वीस पावले. दीडशे वर्षे आमची माणसे इथे जन्मतात, इथे कर भरतात आणि मेल्यावर सहाजणांच्या खांद्यावरून रस्ता ओलांडतात. त्यांच्यापैकी कुणालाही आपण काउंटी सोडून चाललो आहोत हे माहीत नव्हते.

१०. तरीही आपला शब्द प्रमाण मानून मी ऑर्लिक काउंटीच्या कॉलेजला फोन केला. तिथल्या बाईंनी आदबीने विचारले, "तुम्ही आमच्याकडे कधीपासून राहता?" मी म्हटले, अजून नाही, पण जागा घेतलेली आहे, नावाची पाटीसुद्धा लागली आहे. त्या म्हणाल्या, "मग असं करा, प्रत्यक्ष राहायला या, सलग सहा महिने झाले की अर्ज करा." तिथे राहायला गेल्यावर सहा महिन्यांनी मला अर्ज करणे जमेल असे वाटत नाही. एका कॉलेजला मी फार लवकर आले आहे आणि दुसऱ्याला मी गेल्यातच जमा. धोब्याच्या कुत्र्याची गत मी ऐकून होते, पण त्याला निदान दोन्हीकडून पत्रे येत नसत.

११. दगड अलीकडे हलवता येईल का, याचीही चौकशी केली. चर्चचे वडीलधारे हार्लन म्हणाले की दगड एकटा हलवणे शोभणार नाही, सोबत डेल्बर्टलाही हलवावे लागेल, आणि त्याला भावाची संमती लागेल. म्हणजे पुन्हा व्हर्जिल. शिवाय डेल्बर्टने हयातीत आपली खुर्चीसुद्धा खिडकीपासून हलवू दिली नाही. माझ्या प्रवेशासाठी त्याला उठवणे मला प्रशस्त वाटत नाही.

१२. एक शेवटचा पुरावा राहिला आहे. आपण ओहायोहून इथे आलात त्याला चौदा महिने झाले. भाडेकरार दाखवून सहा महिन्यांत आपण इथले झालात, त्याचा मला आनंद आहे. आपण आलात त्या आठवड्यात मी आपल्या दारात बटाटे आणि हॅम घालून भाजलेले काचेचे भांडे ठेवून गेले होते. आपण चिठ्ठी पाठवलीत की फार चविष्ट होते. भांडे पाठवले नाहीत. इथल्या सगळ्याच बायका भांड्याच्या तळाला चिकटपट्टी लावून नाव लिहितात, पण न परतणारी भांडी फार झाल्यामुळे मी नावाखाली घराचा नंबर, रस्ता आणि काउंटीसुद्धा लिहिते. कृपया आपल्या ओट्याखालचे कपाट उघडून भांडे उलटे करून पाहावे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले आहे. माझे नाव, माझा पत्ता, माझी काउंटी, एवढे सगळे असलेला माझ्या हयातीतला एकमेव लेख चौदा महिन्यांपासून आपल्याच ताब्यात आहे.

१३. मी या अर्जात थोडे वाकडे बोलले असेन, तर ते रागाने. राग फीचा नाही. बाहेरची फी तिप्पट आहे, तीही एक वेळ मी भरली असती. राग याचा आहे की ज्या घरात मी माणूस शेवटपर्यंत सांभाळला, ते घर माझे आहे हे सांगायला मला त्या माणसाची सही लागते. तो असता तर त्याने केली असती. आधी चष्मा शोधला असता, मग केली असती.

तरी विनंती की, मला टॅलमन काउंटीची रहिवासी मानून बारावी जागा शुक्रवारपूर्वी माझ्या नावे करावी. मी सोमवारी सकाळी आठ वाजता वर्गात येत आहे. जागा दिली असेल तर बसेन, नसेल तर दुसरे टोक धरून उभी राहीन, त्याची मला सवय आहे. फक्त डोळे मिटणार नाही.

नियम ७ प्रमाणे रहिवास बदलल्यास कॉलेजला लेखी कळवणे बंधनकारक आहे. तो नियम मी पाळणार आहे. दगडावर माझ्या नावापुढे रेघेनंतर चार आकड्यांची जागा कोरी आहे. तिथे आकडे दिसले की मी रस्ता ओलांडला असे समजावे आणि माझे नाव स्थानिकांतून काढून टाकावे. तीच माझी लेखी सूचना. तोवर मी इथे राहते.

आपली, अजून रस्त्याच्या अलीकडचीच,

(सही)
नेल्डा उनरुह

सोबत जोडले आहे :
१. दगडाचा फोटो, या खेपेस रस्ता व चर्च दोन्ही दिसतील असा, जेनेटच्या छपरावरून काढलेला.
२. विजेचे बिल, कै. डेल्बर्टच्या नावे. हे त्याने नव्हे, मी भरले आहे.
३. आपले दि. ८ ऑगस्टचे पत्र, परत. ते मला ठेवायचे नाही.
४. काचेचे भांडे, एक. जोडलेले नाही, आपल्याकडेच आहे. सोमवारी घेऊन जाईन.