तळ्याचं टेबल

रविवार, ५ मे
मंगळवेढ्याहून परत. साडूच्या घरी, म्हणजे बाळासोकडे, नवीन टेबल. त्यानेच केलेलं दिसतं. जुनं लाकूड आणि मधून निळ्या रेझिनची, म्हणजे ओतलं की काचेसारखं घट्ट होणाऱ्या रसायनाची, नदी. सासूबाई त्यावर असा हात फिरवत होत्या, जसं देवाचंच आहे. ऋतुजा म्हणाली, दाजींची नजरच वेगळी. माझ्या नजरेबद्दल लग्नापासून एक शब्द नाही.
मला काही वाटलं नाही. टेबल बरं आहे. नदी जरा वाकडी आहे.

सोमवार, ६ मे
पतसंस्थेत दिवसभर रेझिनचे व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. महिनाअखेरीला बाळासो सासूबाईंना आमच्याकडे सोडायला येणार. तोवर आपलं टेबल तयार पाहिजे. नदी नाही. सिद्धेश्वरचं तळं, मधे देऊळ! आणि कोरायचं CNC मशीनवर. कॉम्प्युटरवर चित्र दिलं की मशीन लाकूड कोरून देतं.
ऋतुजाला सांगितलं. म्हणाली, आधी बाथरूमचा नळ बघा.

बुधवार, ८ मे
समोरच्या गौरम्माकडे तिच्या नवऱ्याचा हातमाग होता. नवरा गेल्यावर माग मोडला. त्याच्या दोन सागवानी फळ्या माळ्यावर आहेत. एक मागितली. म्हणाली, "जनम गेला त्यांचा त्या मागावर. नीट करतो का? मग ने. झालं की मला बोलव, मी बघणार."
म्हटलं, पहिला चहा तुमचाच. बाळासोच्या लाकडाला असला इतिहास आहे का? नसणार.

शनिवार, ११ मे
CNCवाल्या मोईनच्या वर्कशॉपमध्ये गेलो. चित्र मीच काढलं, खोलीचे आकडे मीच दिले. तळं खोल पाहिजे, बाळासोच्या नदीपेक्षा खोल. मशीन लागलं. लाकडाचा भुगा उडाला. मोईन म्हणाला, "भाई, ये तालाब है के बावडी?"
तळं आरपार गेलं. देऊळ निसटून खाली पडलं.
अर्थात आरपार तळं कुणीच केलेलं नाही. प्रकाश खालून येईल. बाळासोला सुचलं असतं का?

रविवार, १२ मे
देऊळ परत चिकटवायला घेतलं. आधी उलटं चिकटलं. आता सुलटं आहे, फक्त थोडं कललंय. जुनं वाटतं त्यामुळे.
बाळासोने फोनवर विचारलं, "काय पावणं, टेबल करताय म्हनं?" ऋतुजाने सांगितलेलं दिसतं. आवाजात काळजी होती. घाबरलाय.

शुक्रवार, १७ मे
सासूबाईंचा फोन. अर्धा वेळ बाळासोच्या टेबलावर, उरलेला बाळासोच्या स्वभावावर. शेवटी माझी तब्येत विचारली.

रविवार, १९ मे, दुपार
रेझिन थोडं थोडं, थर देत ओतायचं असं डब्यावर लिहिलंय. ते उन्हाळा नसलेल्या गावांसाठी. मी एका दमात ओतलं, गच्चीवर. सोलापूरचं ऊन असताना वाट कशाला बघायची? खालून पॅकिंगची टेप लावली आहे. भक्कम.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तळ्यातून धूर निघाला. शेजारचे पाण्याच्या बादल्या घेऊन आले. टेप सुटली, निम्मं तळं गच्चीच्या फरशीवर गेलं आणि तिथेच वाळलं. झाडू त्यात उभा आहे, निघत नाही. उरलेलं पिवळं पडून तडकलं. देवळाचं सांगत नाही.
रेझिनच खराब लागलं. ऋतुजा नंतर स्वयंपाकघरात फोनवर बहिणीशी बराच वेळ हसत होती.

शनिवार, २५ मे
टेबलावर चादर घातली. बाळासो उद्या येऊन दुपारचा निघून जाईल. चादर कोण काढणार?

रविवार, २६ मे
सासूबाईंनी काढली.
कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. आणि नेमकी गौरम्मा आली, बोलावलं नसताना. तिने काठावर हात ठेवला. तिथे सुताने घासून पडलेली खाच तेवढी शाबूत होती. बोट त्या खाचेत फिरवत राहिली. मला म्हणाली, "नीट करतो म्हणालास की."
मी उन्हाबद्दल सांगू लागलो. बाळासो मधेच तिच्याजवळ खाली बसला आणि म्हणाला, "मावशी, माग कुटं होता तुमचा? कोन कोन बसायचं?" ती बोलत राहिली, नवऱ्याबद्दल, लुगड्यांच्या काठांबद्दल. मग त्याने करवत मागितली. चांगला काठ कापला, घासला, खाली दोन पट्ट्या ठोकल्या. पाट झाला. खाच वरच्या बाजूला. गौरम्मा त्यावर बसली आणि पदराने डोळे पुसले.
मी बाळासोला बाजूला घेऊन म्हटलं, साडूभाऊ, तुमचं टेबल चांगलं जमलं होतं. तो म्हणाला, "ते व्हय? पुन्याहून तयारच आनलंय की. मला कुटं येतंय रेझिन-बिझिन."
म्हणजे त्याला येत नाही! हे सगळ्यांना सांगायला बाहेर आलो, तर सासूबाई पाटावर हात फिरवत होत्या.
बाळासो निघताना गौरम्माने माळ्यावरची दुसरी फळी त्याला दिली. त्याने मागितलीही नव्हती.
गाडीत ठेवायला एका बाजूने मीच धरली. चांगलीच जड होती.