पळवून लावायचा भाव

खरेदीचे साहेब, सलाम.

सासऱ्यांनी दगडखाणीसाठी टाकलेली, आता माझ्या नावावर असलेली आमची ट्रॉलीलाईन तुमी सरकारसाठी मागितली, तवा म्या एक कोटी सांगितले. जनावर विकायचं नसलं, की आमच्याकडं तोंडावर न्हाई म्हणत न्हाईत. गिऱ्हाईक पळंल असा भाव सांगतात. आकडा माझ्या घरधन्यांनी, दानिशच्या अब्बांनीच सुचवला. पण ते घरी नसताना तुमी एक कोटीची मंजुरीच घेऊन आलात. चारचौघांत बोललेला भाव मोडायचा कसा? भोरला तुमच्या कचेरीत येऊन म्या त्यांना न सांगता गुपचूप सही केली.

दानिशचे अब्बा खाणीत सुरुंग उडून आंधळे झाले. घरातसुद्धा त्यांना माझा हात लागतो. फक्त या लाईनीच्या रुळांमधून ते एकटे चालतात, काठी रुळाला घासत, पार सारोळ्याच्या चहाच्या टपरीपर्यंत. सोमवारी तुमी तिथं तारेचं कुंपण घालणार. साहेब, पैसे परत घ्या, पाया पडते. पण हे लिहून तरी काय? कागद तुमाला द्यायची हिंमत न्हाई. सही माझीच हाय.

आत्ताच ते चहा पिऊन आले. चपला काढता काढता हसले, "कसा भाव सांगितला! पळाला ना साहेब?"

म्या म्हणलं, "व्हय, पळाला."

सोमवारपर्यंत लाईनीची मालकीण,
शमीम